उभी रचलेली होळी

माझ्या घराला पुढचं दार नाही, हे आल्यागेल्याच्या आधी डोळ्यांत भरतं आणि मग त्याच्या जिभेला खाज सुटते. राहीबाय, नवरा बोटीवर नोकरीला, खाऊनपिऊन बरी आहेस, मग दाराला ह्या वेड्यावाकड्या फळ्या कसल्या ठोकल्यास? त्यांना हळदकुंकू काय, आंब्याचा टहाळा काय. मी म्हणते, बस बाबा पडवीत, पाणी पी, आणि आत यायचं असेल तर खालची फळी सरकवून वाकून ये. ती वाट मुद्दामच कमरेएवढी ठेवली आहे. उद्या कलेक्टर आला तरी वाकूनच येईल.

ऐकायचंच असेल तर ऐका. मी काही लपूनछपून केलेलं नाही, गावाच्या डोळ्यांदेखत केलंय.

रत्नागिरीहून भाट्याची खाडी तरीने ओलांडली की दक्षिणेला आमचं गाव. घर चिऱ्याचं, माझ्या सासऱ्यांनी स्वतः बांधलेलं, पण ठिकाण खोताचं. म्हणजे भिंती आमच्या आणि भिंतींखालची जमीन भाऊ खोतांची. त्या जमिनीपायी वेठ आली. खोताच्या घरी काम निघालं की घरटी एक माणूस जायचं, राबायचं, आणि हात हलवत परत यायचं. माझी सासू गेली, मी गेले, नवरा रजेवर घरी आला की तोही गेला. आणि ज्या घरात संध्याकाळी दिवा लागला नाही ते घर ओस धरायचं, ठिकाण खोताकडे परत, हाही गावातला एक कायदा. कोणी केला विचारू नका. खोतानेच केला असणार, दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग?

त्या वर्षी खोताची माडी चढत होती. वरच्या बागेतले मोठे फणस पाडून त्यांच्या फळ्या काढल्या होत्या. करवत ओढली गावाने. माझ्या नवऱ्याचे, आत्मारामाचेही हात त्या करवतीला लागले होते, बोटीवर परत जायच्या आधी त्याची सगळी रजा त्यातच गेली. आता त्या फळ्या बागेतून खोताच्या अंगणात वाहून आणायच्या होत्या.

मालन माझी एकुलती एक. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणलेली. जावई मुंबईला गिरणीत, नवरा एडनच्या पलीकडे कुठेतरी, घरात आम्ही दोघी बायका. फाल्गुन लागला होता, शिमग्याचे ढोल सुरू झाले होते. त्या दिवशी पहाटेपासून मालन अडली होती. चिमाकाकी सुईण तिच्या पायथ्याशी बसलेली, मी चुलीवर पाणी तापवतेय, आणि अंगणात खोताचा गडी बाबल्या येऊन उभा राहिला.

"राहीवैनी, भाऊंनी बोलावलंय. फळ्या वाहायच्या हायत. घरटी एक माणूस."

"बाबल्या, आतला आवाज तुला ऐकू येतोय ना? माझी मुलगी अडली आहे. आज नाय यायची."

"भाऊ रागावतील हां."

आत मालन किंचाळत होती आणि हा मला खोताच्या रागाचं सांगत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "त्यांना इतकी घाई असेल तर बायकोला पाठवा म्हणावं फळ्या वाहायला."

बोलले ते बोलले. आजही कोणी विचारलं तर तेच बोलेन.

बाबल्याने ते तिखटमीठ लावून खोताच्या कानी घातलं. दुपारी मालनला मुलगी झाली आणि संध्याकाळी गावकी बसली. राहीचं घर वाळीत. म्हणजे आमच्याशी कोणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, न्हावी नाही, सुतार नाही, देवाची पालखी आमच्या दारात यायची नाही, गावाच्या होळीला आमचं लाकूड चालायचं नाही. चिमाकाकी तेवढी येत राहिली. तिला कोणी हटकलं तर म्हणायची, "बाळंतिणीकडे जायला सुइणीला कोणाचा हुकूम लागत नाय." म्हातारीच्या तोंडाला सगळं गाव टरकून असे.

होळीच्या दोन रात्री आधी ढोल वाजवत गावचे बापये आमच्या गडग्यापर्यंत, अंगणाच्या दगडी कुंपणापर्यंत, आले होते. मला वाटलं, वाळीत टाकलेल्यांना चिडवायला आले असतील, नाचतील आणि जातील. माजघराला खिडकी नाही, म्हणून आम्ही बाळाला घेऊन तिथे निजत होतो. मी काही बाहेर आले नाही, आणि ढोलांच्या दणक्यात दुसरं काही ऐकूही आलं नाही. सकाळी उठले तर घरात समुद्राचा वारा शिरलेला आणि पडवीतलं ऊन थेट चुलीपर्यंत आलेलं.

पुढचं दार अडसरासकट उखडून नेलं होतं. मागचं दार नेलं होतं. ओटीच्या खिडकीची झडप गेली होती, आणि तिचे लाकडी गज कोयत्याने तोडून अर्धेमुर्धे लोंबत ठेवले होते. चौकटी चिऱ्यांत बसवलेल्या म्हणून राहिल्या, नाहीतर त्याही गेल्या असत्या.

आमच्याकडे शिमग्यात होळीसाठी लाकडं चोरायची चाल आहे. कुंपणाचे खुंट, मोडकी बाज, बाहेर राहिलेला नांगर, जे सापडेल ते बापये रातोरात पळवतात. तिला चोरी म्हणत नाहीत. धन्याने चार शिव्या घालाव्या, हसावं आणि सोडून द्यावं. एकदा होळीवर पडलेलं लाकूड कोणी मागत नाही, आणि रचलेल्या होळीची काटकीसुद्धा कोणी काढत नाही. पण राहत्या घराची दारं आजवर कोणी नेली नव्हती. तीही आत सहा दिवसांचं मूल असताना.

मालन भिंतीला टेकून बसली होती, बाळ पदराखाली घेतलेलं. मला म्हणाली, "आई, आता गं? आज हिची सहावी."

सहाव्या रात्री सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते. दिवा रात्रभर तेवत राहिला पाहिजे. त्या वाऱ्यात दिवा कसला, चूल पेटत नव्हती. आणि सटवाईचं राहू द्या, त्याच आठवड्यात बिबळ्याने सदू सुताराचा कुत्रा पडवीतून उचलून नेला होता. आमचं घर गावाच्या टोकाला, मागे सगळी झाडी. बाळंतिणीच्या खोलीला कसला वास येतो तो मला कळतो, मग जनावराला कळणार नाही?

चिमाकाकी म्हणाली, "तिला माझ्याकडे घेऊन चल. एक रात्र काढा." मग तिचं तिलाच उमगलं. आम्ही गेलो तर घरात दिवा नाही, दिवा नाही तर घर ओस, आणि घर ओस तर ठिकाण खोताचं. दार कशासाठी नेलं ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. खोताला लाकूड नको होतं. त्याला मी घराबाहेर पडायला हवी होते.

मी चिमाकाकीला मालनपाशी बसवलं आणि तरातरा सहाणेवर गेले. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते तो चौथरा, त्याच्या समोरच होळी रचतात. भाऊ खोत सावलीला खुर्ची टाकून बसले होते. शेजारी गंगाराम गावकर उभे. पालखीचा मान त्यांचा, शिमग्यातला शब्द त्यांचा, पण खोतासमोर तो शब्द कधी तोंडाबाहेर पडत नसे. माणूस वाईट नव्हता, मूग गिळून बसायची सवय लागली होती एवढंच. आणि होळीच्या ढिगात, खालून दुसऱ्या थराला, माझं दार. सासऱ्यांनी कोरलेलं कमळ वरच्या अंगाला दिसत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, बाळंतीण घरात आहे. माझं दार द्या."

सगळे ऐकत होते. खोत सावकाश बोलले, चारचौघांना ऐकू जाईल असं. "राही, तू काय काल गावात आलीस? शिमग्यात नेलेलं लाकूड चोरी नव्हे. होळी पेटेपर्यंत गावातलं लाकूड होळीचं, मग ते कोणाच्याही अंगणातलं असो. धन्याने मागायला यायचं नाही. काय गंगाराम?"

गंगारामदादा खाली बघून म्हणाले, "चाल तशीच हाय."

"आणि दार नाही म्हणून अडचण होत असेल," खोत म्हणाले, "तर भावाकडे जाऊन राहा चार दिवस. घर काय पळून जातंय?"

बाबल्याने दात काढले. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण त्या खुर्चीसमोर रडायचं म्हणजे वेठच की आणखी एक. मी पाठ फिरवली.

तिथून सदूकडे गेले. आमचा सुतार. माझ्या नवऱ्यापेक्षा लहान, आमच्याच घरी जेवून वाढलेला. रंधा मारत बसला होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"वैनी, मला नाय जमायचं. वाळीत टाकलेल्या घरात गेलो तर मलाही टाकतील. पोरंबाळं हायत मला."

"नको येऊस. फळ्या दे दोन-चार, मी ठोकते."

"फळ्या दिल्या तरी तेच."

"मग हातोडी तरी दे रे."

तो उठला, हातोडी पायरीवर ठेवली आणि मला पाठमोरा होऊन आत पाणी प्यायला गेला. तहान लागायची वेळ नव्हती ती. मी हातोडी उचलली. आतून म्हणाला, "वैनी, मी दिली नाय हां. कोणी विचारलं तर?"

तिचा दांडा शिवणीच्या लाकडाचा, हाताने घासून गुळगुळीत झालेला. मी दांड्याकडे बघितलं आणि म्हटलं, "लाकूडच आहे ना रे हे, सदू? शिमगा आहे. मी चोरली."

आत तो हसला. आणि मी तिथेच उभी राहिले. हसण्यावारी बोलले होते, पण आपलंच बोलणं आपल्या कानांवर पडलं की कधी कधी डोकं ठिकाणावर येतं. होळी पेटेपर्यंत गावातलं लाकूड होळीचं, मग ते कोणाच्याही अंगणातलं असो. हे मी म्हटलं नव्हतं, खोताने म्हटलं होतं, सगळ्या गावासमोर. आणि गावात सगळ्यात जास्त लाकूड कोणाच्या अंगणात पडलं होतं?

खोताच्या घरी बापया माणूस एक नव्हता, सगळे सहाणेवर. अंगणात फणसाच्या फळ्या रचून ठेवलेल्या, पिवळ्याधमक, अजून ओलसर वास येत होता. ओटीवर खोतीणबाई दमयंतीवैनी तांदूळ निवडत बसलेल्या. मला बघून सूप खाली ठेवलं.

"काय गो राही? इकडे कशी?"

"होळीला लाकूड न्यायला आले, वैनी."

त्यांनी माझ्या हातातल्या हातोडीकडे बघितलं, मग फळ्यांकडे बघितलं. "आमची दारं नेलीस तर बघ हां."

"दारं कोणाची नेत नाय मी. ती चाल माझी नव्हे."

 दाराचं त्यांना ठाऊक असावं, चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "मलाच वेठीला पाठवायला निघाली होतीस ना तू?"

आता कशाला मागे हटू? म्हटलं, "हो. म्हटलं होतं मी."

"मुलगी झाली ना? कशी आहे?"

"बरी आहे. आज सहावी. उघड्या घरात."

दमयंतीवैनींनी सूप परत मांडीवर घेतलं. "वरच्या नेऊ नकोस, त्या चिरफाळल्यात. खालच्या धडक्या आहेत. आणि शिमग्यात कोणी लाकूड न्यायला आलं तर अडवायचं नसतं, हे मला माहेरपासून ठाऊक आहे." एवढं बोलून त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. त्या दिवशी गावात ज्याला त्याला माझ्याकडे पाठ करायची होती. पण सदूची नि ह्यांची पाठ वेगळी आणि गंगारामदादांची वेगळी.

फळी डोक्यावर घेतली आणि आडवाटेने गेले नाही. सहाणेवरूनच नेली. ढोल थांबले. फणसाची ओली फळी, मान मोडत होती, पण मी खोताच्या खुर्चीसमोरून गेले.

बाबल्या आडवा आला. "ही भाऊंची फळी हाय."

"होळीचं लाकूड आहे. भाऊंनीच सांगितलं सकाळी, कोणाच्याही अंगणातलं असो. तू होतास की तिथे, दात काढत."

खोत खुर्चीतून अर्धे उठले. "राही, ती फळी खाली ठेव."

"फळ्या वाहायला बोलावलं होतंत ना मला? त्या दिवशी यायला जमलं नाय. आज माझी वेठ पुरी करते."

कोणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही, पण एक हसला की दुसऱ्याला आवरत नाही. खोत आपलं बोलणं चार तासांत गिळू शकत नव्हते, तेही पालखीसमोर. गंगारामदादांनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाले, "बाबल्या, बाजूला हो. शिमगा हाय."

दुसऱ्या खेपेला मान वळेना. फळी अंगणातच टेकवून उभी राहिले, तर चिमाकाकी आली. मालनपाशी तिने आपल्या सुनेला बसवलं होतं. फळीचं एक टोक तिने खांद्यावर घेतलं, दुसरं मी. म्हातारीचा श्वास लागत होता आणि त्या श्वासातही ती खोताच्या सात पिढ्या उद्धारत होती, हळू आवाजात, पण सहाणेपाशी आल्यावर जरा मोठ्याने. तिसऱ्या खेपेला वाटेवरच्या दोन बायका पुढे झाल्या. एकीने सांगितलं, "आम्ही बोलत नाय हां तुझ्याशी. वाळीत हायस तू." आणि फळी उचलली. मला हसू आवरेना.

फळ्या आल्या, पण त्या माडीच्या मापाच्या. लांबच लांब. कापायला करवत नव्हती, आणि मला करवत धरता तरी कुठे येते. तेव्हा कापायचं सोडलं आणि आहेत तशा ठोकायच्या ठरवल्या. खिळे घरात होते. मिरकरवाड्याला एक होडी मोडीत काढली तेव्हा आत्मारामाने तिचे लांब लांब खिळे डबाभर आणून ठेवले होते. मी तेव्हा त्याला ह्या भंगारावरून टाकून बोलले होते. आता एकेक खिळा हातात घेताना त्याचं नाव घेत होते.

आधी ओटीची खिडकी. फळी आडवी धरली तर दोन्ही अंगांनी हातहातभर बाहेर. राहू दे. पहिला खिळा वाकला, दुसरा वाकला, तिसऱ्याने माझा अंगठा फोडला. चिमाकाकी फळी धरून उभी होती, म्हणाली, "खिळ्याला खोत समज." मग एकही वाकला नाही. मागच्या दाराला फळ्या आडव्या मारल्या, वर आतून जातं लावलं. पुढच्या दाराला मात्र फळ्या उभ्याच लावाव्या लागल्या, चौकटीपेक्षा उंच, वर वाशांपर्यंत गेलेल्या. शेवटची फळी ठोकली नाही, आत जायला नुसती टेकून ठेवली.

ऊन उतरायला लागलं होतं. मला ठाऊक होतं, ते येणार. दिवसाढवळ्या पालखीसमोर तमाशा नको म्हणून थांबले होते, पण दिवेलागणीच्या आधी येणारच. फळ्या काढायला चार बापयांना कितीसा वेळ लागतो? खिळे माझ्या हातचे.

मग मी शेवटचं काम केलं. अंगणातल्या आंब्याचा टहाळा तोडला आणि मधल्या फळीला बांधला. फळ्यांच्या पायाशी गवताची पेंढी रचली, गोवऱ्या लावल्या, नारळ ठेवला. हळदकुंकू वाहिलं. पाणी फिरवलं. हात जोडले. होळीची पूजा असते तशी सगळी यथासांग केली, काही बाकी ठेवलं नाही.

ते आले. खोत पुढे, बाबल्या नि तिघे-चौघे मागे, आणि त्यांच्या मागे काय होतंय ते बघायला अर्धं गाव. गंगारामदादांना खोताने मुद्दाम बरोबर आणलं होतं, त्यांच्या तोंडून वदवायला.

खोत म्हणाले, "लाकूड होळीसाठी न्यायचं असतं. घराला ठोकायला नव्हे. ही सरळसरळ चोरी आहे. काढा रे त्या फळ्या."

मी पडवीच्या पायरीवर उभी होते. अंगठा चिंधीत बांधलेला, त्यातून रक्त ठिबकत होतं. म्हटलं, "घराला कोणी ठोकलंय? ही होळी आहे माझी."

"कसली होळी?"

"गावाच्या होळीला माझं लाकूड चालत नाय, हे तुम्हीच ठरवलंत, दार तेवढं चाललं. मग मी माझी होळी कुठे रचू? माझ्या दारात रचली. जागा अपुरी म्हणून उभी रचली. पडू नये म्हणून खिळे मारले. पूजा झाली आहे, बघून घ्या. आता रचलेली होळी ज्याला मोडायची असेल त्याने यावं पुढे. बाबल्या, ये. तुझा हात चांगला चालतो."

बाबल्या पुढे आला. टहाळा बघितला, नारळ बघितला, हळदकुंकू बघितलं. आणि हात मागे घेतला. खोत त्याच्यावर ओरडले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भाऊ, मला लहान मुलं हायत."

मला पण आहे, मेल्या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

आतून बाळ रडायला लागलं. सगळं अंगण ते रडणं ऐकत उभं. खोत गंगारामदादांकडे वळले. "गावकर, सांगा हिला. असली होळी असते का कुठे?"

गंगारामदादा पुढे झाले. माझ्या फळ्यांसमोर येऊन उभे राहिले, वरपासून खालपर्यंत बघितलं. ह्या फळ्यांच्या करवतीला त्यांच्याही मुलाचे हात लागले होते. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. वाकले, नारळाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"पूजा झालेल्या होळीला हात लावायचा नाय," ते म्हणाले. "ज्याची होळी तो पेटवील."

"मग पेटवू दे तिला," खोत म्हणाले. "उद्या पुनव आहे."

"पुनवेलाच पेटवायची," मी म्हटलं. "कुठल्या पुनवेला ते माझं मी ठरवीन."

 मागच्या बायकांत खसखस पिकली. खोत वळले आणि चालू लागले, बाबल्या त्यांच्या मागे, आणि मी फळी सरकवून आत गेले, फळी परत लावली, आणि चुलीपाशी जाऊन ढसाढसा रडले. आता रडायला हरकत नव्हती, आता मी माझ्या बंद घरात होते.

त्या रात्री मालनने दिवा लावला. ज्योत हललीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गावाची होळी पेटली आणि माझं दार जळलं. मी लांबून बघितलं. सासऱ्यांचं कमळ शेवटपर्यंत दिसत होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, अजून वाटतं. आणखी काही दिवसांनी पालखी घरोघर फिरायला निघाली तेव्हा रचलेल्या होळीला फेरा घातल्याशिवाय पालखीने पुढे जायचं नसतं, असं गंगारामदादांना अचानक आठवलं. पालखी आमच्या अंगणात आली. देव दारात आल्यावर वाळीत कसलं राहतंय? सदू दुसऱ्याच दिवशी करवत घेऊन आला, फळ्यांत कमरेएवढी वाट कापून दिली. म्हणाला, "दार करून देऊ का, वैनी?" म्हटलं, होळी आहे ती, तिला दार कशाला?

वेठीला त्यानंतर आमच्या घरी बोलावणं आलं नाही. आत्माराम बोटीवरून आला, वाकून आत शिरला, डोकं आपटलं, आणि सगळं ऐकून म्हणाला, "राहू दे तशीच."

बरीच वर्षं झाली. मालनची मुलगी आता शाळेत जाते. दर पुनवेला मी फळ्यांना नवं हळदकुंकू लावते, नवा टहाळा बांधते, आणि पेटवत नाही. माडी त्या वर्षी अर्धीच राहिली ती राहिलीच. आणि वरच्या कातळसड्यावर जायचा रस्ता माझ्या दारावरून, त्यामुळे परगावचा माणूस आला की विचारतोच, हे काय? मग कोणीतरी त्याला सांगतं. हे खोताला सोसेना.

गेल्या शिमग्यात बाबल्या आणखी दोघांना घेऊन आला. खांद्यावर नवंकोरं दार. सागवानी, पितळी कड्यांचं, असं दार ह्या वाडीत कोणी बघितलेलं नाही. अंगणात भिंतीला लावून ठेवलं. म्हणाला, "भाऊंनी दिलंय. झालं गेलं विसरून जा म्हणाले. फळ्या तेवढ्या काढून परत दे."

मी दारावरून हात फिरवला. काम चांगलं होतं, ते नाकारणार नाही. म्हटलं, "ठेव तिथेच."

"आत नाय घेत? पुनव उद्यावर आलीय. रात्री बापये फिरतात लाकडं न्यायला."

"फिरतात ना," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे."

ते गेले. मी दार आत घेतलं नाही, झाकलंही नाही. नातीला घेऊन फळीखालून वाकून आत आले आणि स्वस्थ झोपले. सकाळी अंगण मोकळं होतं. संध्याकाळी गावाची होळी पेटली तेव्हा आम्ही दोघी पुढच्या रांगेत उभ्या होतो, आणि पितळी कड्या विस्तवात लाल झालेल्या सगळ्यांनी बघितल्या. खोत आपल्या खुर्चीतून माझ्याकडे बघत होते.

मी काही मागायला गेले नाही. होळीला गेलेलं लाकूड मागायचं नसतं.